तीन श्वास घेऊन बोललेलं खोटं

डिचोलीजवळ खनिज मालाची वाहतूक करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका ट्रकचालकाचं काम माझ्या एका वाक्यामुळे गेलं. ते वाक्य खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं. घाबरून किंवा रागाच्या भरात तोंडून निघून गेलं असतं, तर मी स्वतःला थोडी सवलत दिली असती. पण मी क्षणभर डोळे मिटले, तीन श्वास घेतले आणि अगदी शांत आवाजात बोललो.

शांत राहायला मी शिकलो होतो. आधी मी तसा नव्हतो.

खाणी बंद होत्या ती वर्षं मी नार्व्याला घरीच होतो. नदीकाठच्या जमिनीत भात, पावसाळ्यानंतर मिरची आणि अळसांदे, म्हणजे आमची चवळी. मग रचून ठेवलेल्या मालाची वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि मला जुन्या अनुभवावर बोलावणं आलं. ऑफिसच्या खिडकीत बसून कोणती गाडी कधी सुटणार त्याचे नंबर लावायचे, ट्रिपा मोजायच्या, गावात कुणी गाड्या अडवल्या की धावत जायचं, हे माझं काम. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला गाड्या उभ्या ठेवाव्या लागत. मधल्या तासांत जितक्या ट्रिपा होतील तितक्या मॅनेजरला हव्या असत. धूळ उडते म्हणून गावकरी मला बोलत, ट्रिपा कमी म्हणून मॅनेजर बोलत, आणि मी ते सगळं गोळा करून चालकांच्या अंगावर ओतत असे. माझा आवाज वजनकाट्यापर्यंत ऐकू जायचा. "साहेबांचो हॉर्न वाजलो," असं चालक म्हणायचे, हे मला नंतर कळलं.

एकदा गाडी अडवायला आलेल्या एका बाईशी भांडताना मला भर उन्हात चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि मीठ कमी करा, चिडणंही कमी करा, असं एकाच दमात सांगितलं. त्याच सुमारास ठेकेदाराने आम्हा सुपरवायझर मंडळींना पणजीला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. कामाचा ताण, माणसांशी होणारे खटके, त्यात मन जागं कसं ठेवायचं, असा विषय होता. शिकवणाऱ्या बाई फार साध्या होत्या. म्हणाल्या, उत्तर देण्याआधी तीन श्वास घ्या. आत काय चाललंय ते बघा, समोर काय चाललंय तेही बघा. जे आहे ते येऊ द्या.

मला त्याचा खरोखर उपयोग झाला. मी सकाळी अंगणात वीस मिनिटं बसू लागलो. मॅनेजरचा फोन वाजला की लगेच उचलायचो नाही, एक श्वास घेऊन उचलायचो. महिन्याभरात माझा आवाज खाली आला. डॉक्टर खूश झाले. बायको मात्र नव्हती; तिला माझं जुनं ओरडणंच बरं वाटायचं. जेवताना मी घास चावत गप्प बसलो की ती म्हणायची, "पयलीं तुमी बोबाटताले तें बरें आसलें. पोटांत कितें आसा तें कळटालें तरी."

मी हसायचो. शांत माणसासारखं हसायचो.

आमच्याकडे दर सोमवारी सकाळी पहिली ट्रिप सुटण्याआधी गाऱ्हाणं घालायची पद्धत होती. पहिल्या गाडीपुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्यांत जुन्या चालकाने देवाला सांगणं करायचं. हे चालक दोडामार्गाकडचे, साठीच्या जवळ आलेले. मी त्यांना काका म्हणायचो. इथल्या रस्त्यांवर त्यांनी तीस वर्षं माल वाहिला होता. अंगाने सुके, आवाज मात्र खणखणीत. ते हात जोडून सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत…" आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे चौदा-पंधरा जण एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचे.

देवाचं झालं की काका हळूच खाली उतरायचे. "आठ नंबराच्या गाडयेचो ब्रेक वास मारता. फोरमनाक सांगान सांगान तोंड दुखला. आता तूच तेच्या कानात सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिथे आवाज दुप्पट व्हायचा.

"चढावरच्या वळणार खड्डो पडलो हा. साहेबांचो डोळो आमच्या ट्रिपांवर आसा, तो वायच त्या खड्ड्यार पडांदे रे म्हाराजा!"

सगळे हसायचे. गाड्यांच्या दुरुस्तीचा फोरमन मान खाली घालायचा, पण त्या दिवशी आठ नंबरची गाडी उभी राहायची. मीही खड्ड्यात माती टाकायला माणूस पाठवायचो. ऑफिसात तक्रारीची वही होती, पण ती कोरी. गाडी बिघडली असं लिहून द्यायचं म्हणजे ट्रिप जाणार आणि लिहिणाऱ्याचं नाव वरपर्यंत दिसणार. साहेबाला तोंडावर सांगणं चालकांना जड जायचं. देवाला सांगायला कसली भीती? साहेब बाजूला उभा असतो, ऐकतो. इतकी वर्षं आमचं काम या रीतीवर चाललं होतं, आणि इतकी वर्षं तिथे उभा राहूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला त्यात फक्त गलका दिसायचा. पंधरा मिनिटांचा गलका, तोही ट्रिपांच्या वेळेतून.

शिबिराहून आल्यावर मी ठरवलं की सोमवारी गाऱ्हाण्याऐवजी पाच मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं. नारळ ठेवा, नमस्कार करा, मग मौन. मी त्यांना समजावलं की अर्थ तोच आहे, मन एकाग्र करायचं. काका म्हणाले, "साहेबानु, देवाक काय तरी सांगूक व्हया. नायतर तेका कळतला कसा?"

"देवाला सगळं कळतं, काका," मी म्हणालो.

"देवाक कळता हो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

चालकांनी ते ऐकलं. मी साहेब होतो, ऐकणारच. टायरांवर, ओट्यावर बसून सगळे डोळे मिटायचे. कुणी तरी घोरल्याचा आवाज काढायचा, कुणी पुटपुटायचा, "साहेबान मौनव्रत दिल्यान, आता उपास पण देतलो." मी रागवायचो नाही. याचा मला अभिमान होता.

असे दीड-दोन महिने गेले. मग तो सोमवार.

डोळे मिटून एखादं मिनिट झालं असेल. काकांचा आवाज आला, "साहेबानु, वायच…" मी डोळे उघडले नाहीत. उजवा हात वर करून एक बोट दाखवलं. थांबा. ते थांबले. पुन्हा म्हणाले, "नाय, गाडयेचा…" मी बोट तसंच ठेवलं. पाच मिनिटं झाल्यावर मी डोळे उघडले, तर ते माझ्या अगदी समोर उभे होते. चेहरा लाल झालेला, श्वास जोराचा. मला वाटलं, अपमान झाला म्हणून चिडलेत. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, तुम्ही चिडलाय. आधी तीन श्वास घ्या. मग शांतपणे बोला. चला, मी मोजतो."

मी खरंच मोजले. एक. दोन. तीन. साठीच्या माणसाने पंधरा जणांसमोर शाळेतल्या पोरासारखे तीन श्वास घेतले. मागून कुणी तरी "काकांक टाळये वाजवा रे" म्हणालं आणि हशा झाला. मीही हसलो.

"हां, आता बोला."

"काय नाय," काका म्हणाले. गाडीकडे गेले आणि चढून बसले.

तासाभराने फोन आला. उतारावर काकांच्या भरलेल्या गाडीचा ब्रेक लागला नव्हता. खाली तिठ्यावर बससाठी बायामाणसं उभी होती. काकांनी गाडी डावीकडे चिऱ्यांच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर घातली. गडगा कोसळला, त्याच्या आड उभी असलेली एक रिकामी स्कूटर मोडली, आणि काकांचं उजवं मनगट चुरलं. दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मी त्यांना बघायला इस्पितळात गेलो. हात गळ्यात बांधलेला. त्यांची बायको बाजूला स्टुलावर बसून होती, गावाहून आलेली. काकांनी मला ओरडून विचारायला हवं होतं. ते इतकंच म्हणाले, "सकाळी तुमका ताच सांगूक इल्लंय साहेबानु. हवेचो काटो वर येयत नाय होतो. गाडी उभी करूया म्हणान."

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवेचा काटा चढत नसेल तर गाडी हलवायची नाही, हे मला ठाऊक आहे. आणि गाडी उभी करायचा अधिकार माझा होता, त्यांचा नव्हता. मी त्यांचा धड असलेला हात हातात घेतला. काहीच बोललो नाही. मी शांत आहे असं त्यांना वाटलं असावं.

चौथ्या दिवशी, काका अजून इस्पितळातच असताना, मॅनेजरने चौकशी ठेवली. फोरमनने सांगितलं, हवेची नळी गळत होती, पण काटा बघणं चालकाचं काम. तक्रारीची वही टेबलावर उघडी होती, कोरी. मॅनेजरने मला विचारलं, "त्यानं तुला सांगितलं होतं?"

छातीत धडधडत होतं. मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, खाण बंद असतानाचे नार्व्यातले ते रिकामे दिवस, सगळं एकदम समोर आलं. मी शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले. एक, दोन, तीन. धडधड खाली बसली. मी म्हणालो, "माझ्यापर्यंत तक्रार आली नाही."

मॅनेजर म्हणाला, "तू डोकं शांत ठेवणारा माणूस आहेस म्हणून बरं. दुसरा असता तर गोंधळून काहीही बरळला असता."

काकांना पत्र मिळालं. गाडीची तपासणी न करता ती चालवल्याबद्दल कामावरून कमी. अशा पत्रानंतर तालुक्यात दुसरा कुणी ठेकेदार गाडीची चावी हातात देत नाही. काकांनी कुणाकडे दाद मागितली नाही. त्या सोमवारी मी बोट वर केलं तेव्हा पंधरा जण तिथे होते. काही डोळे तर नक्कीच उघडे होते. एकही माणूस बोलला नाही, कारण कुणाला किती ट्रिपा मिळणार ते नंबर मी लावत होतो. सोमवारचं मौन आपोआप बंद पडलं. मी बसा म्हटलं नाही, ते बसले नाहीत. नारळ ठेवून नमस्कार करायचे आणि गाड्यांत चढायचे. माझ्याशी सगळे फार अदबीने बोलू लागले. ती अदब मला रोज टोचायची.

सकाळी अंगणात बसलो की काकांचा चेहरा समोर यायचा. मी लक्ष श्वासावर न्यायचो. पुन्हा यायचा, पुन्हा न्यायचो. हे मी दीड वर्ष केलं आणि त्याला साधना म्हणत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीने हरमलला पर्यटकांसाठी नव्या खोल्या बांधल्या. पूजेला गेलो होतो. परत निघताना गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या स्कूटर ओळीने लावलेल्या दिसल्या, आणि एक म्हातारा माणूस डाव्या हाताने त्या धूत होता. उजवा हात पोटाशी धरलेला. मी ओळखलं तेव्हा फार जवळ पोचलो होतो.

"साहेबानु! हय खंय?"

"बहिणीकडे. पूजा होती."

"मग चाय घेवन जावा. हय बाजूकच बरी मिळता."

"नको काका, घाईत आहे." मी मोटरसायकल सुरू केली. त्यांच्या हाताकडे बघितलं नाही. मागून आवाज आला, "सावकाश जावा हां! फुडल्या वळणार वाळू आसा, गाडी घसारता!"

त्या वळणावर खरंच वाळू होती. मी सावकाश गेलो म्हणून वाचलो. पुढे पेडण्यापर्यंत मी कसा आलो ते आठवत नाही. बाजारात गाडी उभी करून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. माणसाला पुढचा धोका दिसला की तो सांगतो, समोर कोण आहे हे न बघता. काका त्या सोमवारी हेच करायला आले होते. त्या दिवशी श्वास मोजायचं मला सुचलंच नाही. बसून जे यायचं ते आलं. लोक जाता-येता बघत होते, आणि मी रडत होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बोट, हशा, इस्पितळ, चौकशी. शेवटी ती म्हणाली, "हें म्हाका कित्याक सांगतात? वचून तांकां सांगात."

गेलो, पण आधी मॅनेजरकडे. नुसती माफी मागून पत्र तसंच राहिलं असतं. मी लिहून नेलं होतं की चालकाने मला तक्रार सांगायचा प्रयत्न केला होता, मी ऐकून घेतली नाही, आणि चौकशीत मी खोटं बोललो. मॅनेजरने दोनदा वाचलं.

"दीड वर्षांनी? मेलेलं प्रकरण उकरून काय मिळणार तुला?"

"ते जिवंत आहेत. स्कूटर धुतात."

"हे वर पाठवलं तर तुझं काय होईल ते मला विचारू नकोस."

"पाठवा," मी म्हणालो. माझा आवाज थरथरत होता. तो मी थरथरू दिला.

पुढच्या रविवारी हरमलला गेलो. स्कूटरवाल्याच्याच पर्यटकांसाठीच्या खोल्या होत्या, त्यांच्या मागे पडवीत काका बसले होते. त्यांची बायकोही आता तिथेच राहायची, चादरी धुवायच्या कामाला. मी उभ्यानेच सुरुवात केली. वाटेत मनात जुळवलेली वाक्यं होती, एकामागोमाग एक नीट लावलेली.

काकांनी अर्ध्यातच विचारलं, "तोंडपाठ करून इल्यात काय?"

त्यांच्या बायकोने पाट सरकवला. "बसा आधी. उभ्या माणसान माफी मागली तर तो वसुलीवालो वाटता."

बसलो. मॅनेजरला काय लिहून दिलं ते सांगितलं. काका बराच वेळ मनगट चोळत राहिले. वर गच्चीवर चार-पाच गोरे चटयांवर डोळे मिटून बसले होते. काकांनी हनुवटीने तिकडे दाखवलं. "हे पण बसतत. रोज सकाळी. पण हे कोणाक बोट दाखवणत नाय."

मला खाली बघावं लागलं.

"माझा पण चुकला," ते म्हणाले. "काटो वर नाय ह्या म्हायत होता. लोक हसले म्हणान रागान गाडी काढलंय. त्या तिठ्यार बायो उभ्यो होत्यो. ता आठवला की अजून झोप येणा नाय." मग थांबून म्हणाले, "पण बेजबाबदार म्हणान पत्र दिल्यानी ता खोटा. तीस वर्सा मी गाडी चलवलंय."

"खोटंच आहे, काका."

"माका हय सांगान काय उपेग?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हय कोण आसा? ही माझी बायल आणि ते गोरे! हसले ते थय हसले. माका थय सगळ्यांसमोर लहान पोर केलास. सांगूचा तर थय सांगा."

त्यांची बायको म्हणाली, "आणि हेंका घेवन जावा. नुसता सांगलंय म्हणून येव नुकात."

त्यानंतरच्या सोमवारी काका पहाटेच्या बसने निघाले, म्हापशाला बस बदलून आले. मी डिचोली स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो. ऑफिसपाशी चालक नारळ ठेवून उभेच होते. काकांना बघून दोघे-तिघे पुढे आले, पाया पडले. "काका, हात कसो आसा?" "इल्यात ता बरा केलास." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते मागे सरकले. फोरमन दाराशी येऊन उभा राहिला. मॅनेजरही खिडकीतून बघत होता.

मी आयुष्यात कधी नव्हतो इतका घाबरलो होतो. काका माझ्या शेजारी उभे होते, इतके जवळ की त्यांचा कोपर मला लागत होता.

मी म्हणालो, "त्या सोमवारी काका मला सांगायला आले होते की ब्रेकची हवा चढत नाही. मी त्यांना बोट दाखवून गप्प केलं. मग तुमच्यासमोर त्यांना श्वास मोजायला लावले आणि तुमच्याबरोबर हसलो. चौकशीत मी सांगितलं, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते खोटं होतं. मला माझी नोकरी वाचवायची होती. गाडी उभी करायला हवी होती मी, आणि हात मोडला यांचा. काम गेलं यांचं. त्यांच्या पत्रात जे लिहिलंय ते माझ्या खोट्यामुळे लिहिलंय, हे मी वर लेखी कळवलं आहे."

मग त्यांच्याकडे वळलो. हात जोडले. "काका, मी तुमचं ऐकून घेतलं नाही, आणि वर तुमच्यावर खोटं लादलं. माझं चुकलं. मला माफ करा."